पाइपाने ओढ धरली

ही गोष्ट भर दुपारची आहे. रात्रीची असती तर तुम्ही म्हणाला असता, अंधारात बाईला काहीतरी भासलं. तसं म्हणायची सोय नाही. ऊन असं होतं की शेडचा पत्रा तडतडत होता, आणि सावली म्हणाल तर फक्त गाड्यांच्या पोटाखाली. तेव्हा दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका. मधे मधे 'असं कसं होईल' म्हणू नका. कसं झालं ते मलाही माहीत नाही. झालं, एवढं खरं.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर गॅरेजांची रांग आहे. कोणी टायर बघतो, कोणी बॅटरी बघतो, कोणी नुसताच येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतो. रांगेतलं शेवटचं शेड पाणीवालीचं. खऱ्या नावाने आता तिला कोणी हाक मारत नाही. टाकीत पाणी गेलेली गाडी आली की सगळी रांग एकच बोट दाखवते, 'ती बघा, शेवटचं शेड, पाणीवाली.' नवरा होता तोवर हे काम त्याचं. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता शेड विकून भाकऱ्या थापत बसेल. बाईने नवऱ्याचा जुना शर्ट अंगात चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पान्हा उचलला. जोडीला धाकटा दीर होता. तो अर्धा वेळ काम करायचा आणि अर्धा वेळ केलेल्या कामाबद्दल बोलायचा.

टाकीतल्या पाण्याची गंमत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डिझेल हलकं आणि पाणी जड. पाणी टाकीत शिरलं की तळाशी जाऊन मुकाट बसतं. गाडी उभी असते तोवर काही कळत नाही. चालू केली की पहिला घोट तळातूनच जातो, आणि मग गाडी आचके द्यायला लागते. आचके हाच शब्द आहे गॅरेजात. मरणारं माणूस देतं, तेच.

मग काय करायचं, तर टाकीखालचा नट उघडून पाणी काढायचं. नट झिजला असेल, फिरत नसेल, तर वरून पाइप घालायचा. पारदर्शक पाइप, एक टोक टाकीच्या तळाला, दुसरं खाली बादलीत. खालच्या टोकाला रबरी फुगा लावून दोन-चारदा दाबायचं. एकदा पाणी वर चढून पलीकडे उतरलं की फुगा काढून टाकला तरी चालतं. ते आपोआप येतच राहतं. याला 'ओढ धरली' म्हणतात. एकदा ओढ धरली की पाइप कोणाचं ऐकत नाही. तिकडचं सगळं इकडे आणल्याशिवाय त्याला चैन नसते.

पाणीवालीच्या पाइपाच्या एका टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. लाल टोक टाकीत, कोरं टोक बाहेर. ही पट्टी लेकीमुळे आली. लेक लहान असताना बापाचं बघून पाइप तोंडात धरून ओढायला गेली आणि घोटभर डिझेल पिऊन बसली. आईने आधी तिला उलटं धरून ओकायला लावलं, मग दोन थोबाडीत दिल्या, मग स्वतः रडली, आणि मग ही पट्टी चिकटवली. 'नकटे, लाल दिसलं की तोंड लावायचं नाही. आणि कोरं असलं तरी लावायचं नाही. तोंड जेवायला दिलंय.' लेकीचं नाक बसकं होतं, म्हणून नकटी. दुसऱ्या कोणी तिला नकटी म्हटलं तर आई त्याच्या अंगावर धावून जायची.

तर ही नकटी थंडीच्या सुरुवातीला नाहीशी झाली.

लग्न दिराने जमवलं होतं. जीपवर भाडी मारणारा एक उंचापुरा गडी, दिराच्या बैठकीतला. बसून प्यायचे दोघं. लग्नानंतर नकटी दोनदा माहेरी आली ती सुजलेलं तोंड घेऊन. दुसऱ्या वेळेला म्हणाली, 'आई, मी आता परत जायची नाही. तुझ्याबरोबर पान्हा धरीन.' दिराने समजूत घातली, 'जा गं पोरी, मी बोलतो त्याच्याशी.' गेली. आणि आठ-पंधरा दिवसांत जावई सांगत आला की तुमची मुलगी पळाली कोणाबरोबर तरी. आईने त्याचं नरडंच धरलं असतं. पण दीर मान खाली घालून म्हणाला, 'वहिनी, खरंय. मी बघितलं तिला बसमध्ये चढताना. सोबत एक माणूस होता. मला बघून तिने तोंड फिरवलं.'

सख्खा काका सांगतो म्हटल्यावर आईने काय करावं? तिने मानलं. मनापासून नाही मानलं. पण मानलं. त्या दिवसापासून प्रत्येक बस वळणावर हळू झाली की ती हातातलं काम टाकून खिडक्यांकडे बघायची.

त्या दुपारी रांगेत सगळे जेवून आडवे झाले होते. पाणीवाली एका ट्रकचा फिल्टर पुसत बसली होती. दीर मागच्या नळावर डबा धूत होता. तेवढ्यात वळणावरून आवाज आला. गाडी खोकत होती. खोकते, थांबते, परत खोकते. मग एक लांब आचका, आणि गाडी बरोबर शेडच्या तोंडाशी येऊन मेली.

जीप होती. मागे ट्रंक, गादीची वळकटी, स्टोव्ह, सगळं दोरीने बांधलेलं. आतून जावई उतरला. दारावर लाथ घातली.

"रांड साली," तो जीपला म्हणाला. मग समोर कोण बसलंय ते त्याला दिसलं आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. "सासूबाई... तुम्ही आहात होय."

"शेड माझंय. मग कोण असणार?" पाणीवाली म्हणाली. "जावईबापू, बिऱ्हाड घेऊन कुठे निघालात?"

"कुठेही. या गावात काय राहिलंय? मला तुमच्याकडे यायचंच नव्हतं. तिकडच्या चौकात तिघांनी टाकी रिकामी केली, नवं डिझेल भरलं, धडधड चालते. आणि या वळणाच्या अलीकडे आली की मरते, ढकलत परत न्यावी लागते. चार दिवस झाले, रोज. दुसरा रस्ता धरावा म्हटलं, तर चाक आपोआप इकडे वळतं."

"गाडीला माहेरची आठवण येत असेल," ती म्हणाली.

जावई हसला नाही. नळावरून दीर ओला हात पुसत आला आणि जागच्या जागी थबकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"पाणी गेलंय टाकीत," जावई म्हणाला. "लवकर काढून द्या. अंधार पडायच्या आत मला लांब जायचंय."

पाणीवालीने एकदा ट्रंकेकडे बघितलं. हा आज गेला की पुन्हा सापडायचा नाही. बसमध्ये चढलेल्या मुलीबद्दल विचारायला जगात हा एकच माणूस होता, आणि त्याने बिऱ्हाड बांधलं होतं. गाडी तिच्या हातात होती तोवर हाही तिच्या हातात होता.

"ढकला आत," ती म्हणाली.

टाकीखालचा नट आधीच्या तिघांनी पान्हा घसरवून घसरवून गुळगुळीत करून ठेवला होता. तिने त्यांना दोन शिव्या घातल्या आणि खिळ्यावरचा पाइप काढला. आधी नेहमीसारखं तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढलं. बाटली खिडकीत उन्हात ठेवायची तिची पद्धत. 'बसू दे', ती म्हणायची. थोडा वेळ थांबलं की डिझेल वर आणि पाणी खाली, मधे केसासारखी रेघ. त्या रेघेवरून ती सांगायची टाकीत पाणी किती.

बाटलीत रेघच नव्हती. सगळं पाणीच होतं. वर डिझेलचा तवंगसुद्धा नाही. हिरवट, थंड पाणी. त्या उन्हात बाटलीला बाहेरून दव धरलं.

"डिझेल कुठाय?" ती म्हणाली. "ही गाडी इथवर आली कशावर?"

"खाणीचं पाणी असेल ते," मागून दीर म्हणाला. "बघत काय बसलात? ओता आणि टाका."

खाण म्हणजे रांगेमागच्या टेकाडापलीकडची दगडाची खाण. बंद पडून वर्षं झाली, पाण्याने काठोकाठ भरलेली. भरल्यापासून तळ कोणी बघितला नव्हता.

पाणीवालीने मान वळवली. दीर पार दाराशी उभा होता. बाटली त्याने हातात घेतली नव्हती, वासही घेतला नव्हता.

"तुम्हाला काय तिथून कळलं, भावजी?"

"अंदाजाने म्हटलं. एवढं पाणी दुसरं कुठलं असणार?"

"हं. कुठेतरी मुरतंय खरं," ती म्हणाली आणि बाटली नाकाला लावली. शेवाळाचा वास होता, दगडाच्या भुकटीचा होता. आणि त्याखाली आणखी एक वास होता. ओल्या केसांचा. न्हाऊन बाहेर आलेल्या, अजून न पुसलेल्या केसांचा. हा वास तिने वर्षानुवर्षं मांडीत डोकं घेऊन, विंचरता विंचरता घेतला होता. कोणाचे केस ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने लाल टोक टाकीत सोडलं, खाली बादली ठेवली आणि फुगा दाबायला घेतला.

एकदा. दोनदा. पाणी पाइपात चढलं. बादली अर्धी झाली, भरली. तिने ती ओतली. पुन्हा भरली. एवढ्याशा टाकीत एवढं पाणी मावतच नाही. आणि मग पाइपात काहीतरी काळं दिसलं. सावकाश, वळत वळत, पाण्याबरोबर वर चढून इकडे उतरत होतं. फुग्याच्या तोंडाशी येऊन अडकलं. तिने जोर लावला तसा रबर फाटला, फट्कन, आणि फाटलेल्यातून बाहेर आले केस.

लांब केस. ती ओढत गेली आणि ते येत गेले. मुठीभोवती एक वेढा, दोन वेढे... शेवटाला केसांत गुंतलेला, वेणीला बांधायचा रबर निघाला, हिरवा. तसे हिरवे रबर पाणीवाली स्वतः लेकीसाठी कापायची, जुन्या ट्यूबमधून. बाजारात मिळत नाहीत तसले.

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"कुठाय ती?" पाणीवालीने विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"कोण?"

"माझी लेक कुठाय?"

"मला काय विचारता? पळाली ती. तुमच्या दिराला विचारा, त्याने बघितलं..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. पान्हा त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दात हलला, रक्त शर्टावर सांडलं. तो मागे कोलमडला आणि जीपच्या चाकावर आपटला. तिने दुसरा घाव उचलला, पण मागून कोणीतरी तिचे दोन्ही हात पकडले. दीर.

"वहिनी! वेड लागलं का? मेला तर?"

"सोडा मला!"

"नाही सोडणार. थांबा जरा... ऐका..."

तिने टाच मारली, कोपर मारलं, त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने सोडलं नाही. तेव्हा तिला कळायला हवं होतं. ज्याला धरायला हवं होतं तो समोर उभा होता, आणि घरचा माणूस तिलाच धरून उभा होता. पण त्या वेळेला डोळ्यांपुढे फक्त ते केस होते.

जावई उठला. तोंडातलं रक्त थुंकला. आला आणि तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तिच्या कानात शिट्टी वाजली. मग दुसऱ्या बाजूने.

"म्हातारे, हात चालवतेस? लेकीला हीच खोड होती. उलटून हात उचलायची." तो धापा टाकत होता. "केस म्हणे. गटारातली घाण आहे ती. कोणीतरी दुश्मनीने टाकीत कोंबलीय. आणि मीच मूर्ख, तुझ्या दारात आलो. मीच काढतो पाणी. फुगा नाही तर नाही."

त्याने खाली लोंबणारं कोरं टोक उचललं. भाडी मारणारी सगळी माणसं तोंडानेच ओढतात, त्यात त्याला काय नवीन? त्याने पाइप दातांत धरला, गाल आत घेतले आणि ओढलं.

पाणी वर चढताना तिघांनाही दिसलं. चढलं, उतरलं, त्याच्या ओठांशी आलं. आता त्याने पाइप काढून बादलीत सोडायचा. एवढंच करायचं असतं.

त्याने काढला नाही.

त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने मान मागे खेचली. पाइप ताणला, पण ओठांतून सुटला नाही. गळ्याची घाटी खालीवर व्हायला लागली. तो पीत होता. त्याला नको होतं आणि तो पीत होता. घटाघटा, जनावर पितं तसं. त्याने दोन्ही हातांनी पाइप धरून हिसडा दिला. हललेला दात पडला, पाइप नाही पडला. नाकातून पाणी आलं. हिरवट पाणी, दोन्ही नाकपुड्यांतून, धार लागल्यासारखं. मग डोळ्यांच्या कडांतून.

दिराचे हात गळून पडले. तो भिंतीला जाऊन चिकटला. "वहिनी... कापा तो... सुरी घ्या..."

सुरी तिच्या खिशातच होती. पाइप कापायचीच सुरी. तिने ती काढली, उघडली आणि जावयाच्या पुढ्यात उकिडवी बसली. त्याने सुरी बघितली. गुडघ्यांवर सरकत तिच्याकडे आला, हात जोडले. पोट शर्टाच्या बटणांतून बाहेर यायला लागलं होतं.

"कुठाय ती?" ती म्हणाली. "बोलता येत नसेल तर बोट दाखव."

त्याने नाही नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. पाणी उडालं.

"मग पी."

पाइपाच्या आतून आवाज आला. टाकीतून, पार खोलातून. बुडबुडे फुटल्यासारखा. एक एक... सावकाश... पाण्याखाली कोणी काही सांगत असावं तसा. जावयाने तो ऐकला. त्याचे डोळे खोबणीतून बाहेर आले. त्याने हात उचलला. बोट आधी शेडमागच्या टेकाडाकडे गेलं. खाणीकडे. तिथून ते हळूहळू पुन्हा आत वळायला लागलं, भिंतीकडे...

तेवढ्यात पाइपाला झटका बसला.

पाइप आत जायला लागला. तिकडून कोणीतरी हातावर हात टाकत विहिरीतून दोर ओढावा, तसा. त्याबरोबर जावई उठला, फरफटला. टाचा जमिनीवर घासत गेल्या, एक चप्पल तिथेच राहिली. तोंड टाकीच्या भोकावर जाऊन आपटलं. काडकन आवाज झाला, दातांचा. थोडं मागे आलं, परत आपटलं. परत. लोखंडाची गोल कड त्याच्या गालांत रुतत गेली. हात पत्र्यावर थाडथाड वाजत होते, मग नुसते खरवडायला लागले. शेवटी त्याने आचके दिले. तेच, गाडी देत होती तसलेच. खोकला, थांबला, परत खोकला. मग एक लांब. आणि तो टाकीला लटकल्यासारखा तिथेच थांबला.

भर दुपारी, तापलेल्या फरशीवर, आजूबाजूला एक डबकं नसताना माणूस बुडून मेला.

पाणीवालीच्या हातात सुरी उघडीच होती. तिने ती मिटली आणि खिशात ठेवली.

पाइप त्याच्या तोंडातून सुटून खाली पडला आणि पाणी वाहायला लागलं. आपोआप. ओढ धरली होती. बादली भरली, वाहिली, फरशी भिजली, शेडच्या दारातून धार रस्त्यावर आली. रांगेतली माणसं आरडाओरडा ऐकून धावत आली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. टायरवाला म्हणाला, "अहो, पाइप तरी बाहेर काढा."

"कोणी हात लावायचा नाही," पाणीवाली म्हणाली. तिचा एक कान लाल झाला होता आणि गालावर पाच बोटं उठली होती. "चालू दे. संपेल तेव्हा संपेल."

कोणाची हिंमत झाली नाही. दुपारभर पाणी आलं. रस्ता ओलांडून पलीकडच्या शेतात गेलं. पोलीस आले तेव्हाही येत होतं. त्यांनी मेलेल्याला उताणा केला, पोट दाबलं, त्यातूनही तेच निघालं. साहेब लिहायला बसले, 'पाण्यात बुडून मृत्यू', आणि जागा कोणती लिहायची यावर अडले.

ऊन कलल्यावर पाइपाने एक लांब घोट घेतला आणि थांबला. त्याच वेळी टेकाडावरून बकऱ्या राखणारी म्हातारी ओरडत खाली आली.

"खाण आटली! गं बाई, खाण आटली! तळ दिसतोय!"

पाणीवाली सगळ्यांच्या पुढे गेली. खाणीच्या उतरत्या दगडांवर ओला चिखल होता, मासे तडफडत होते. खाली उतरताना ती दोनदा घसरली, गुडघे फुटले, कोणी हात दिला तो तिने झिडकारला. तळाशी, एका चौकोनी दगडाला टेकून, नकटी बसली होती. एवढे महिने पाण्यात होती, म्हणजे काय उरलं असेल ते मी सांगत नाही. नाक बसकंच होतं, एवढं सांगते. आईने ते हाताने पुसलं. मग तिला मांडीत घेतलं आणि चिखलात बसून राहिली. माणसं वरच थांबली.

"आले," ती म्हणत होती. "आले गं. उशीर झाला. मला बसकडे बघत बसवलं गं यांनी..."

सोडवताना तिला दोर दिसला. कमरेला आणि दगडाला घातलेला जाड पिवळा दोर, टोकाला लोखंडी आकडा. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढायचा दोर. आकड्याला वेल्डिंगचा एक जाडा, वेडावाकडा टाका होता. असा टाका रांगेत एकाच माणसाचा हात मारायचा. तो दोर तिच्याच शेडमधला. थंडीच्या सुरुवातीला चोरीला गेला म्हणून दिराने सांगितलं होतं.

मग तिला ते बोट आठवलं. टेकाडाकडून भिंतीकडे वळत चाललेलं. आणि भिंतीला कोण चिकटलं होतं ते.

नकटी परत आली असती, तर पान्हा तिच्या हातात गेला असता आणि मागोमाग शेडही. काकाने 'मी बोलतो त्याच्याशी' म्हटलं होतं. बोलला होता.

आईने दोराबद्दल पोलिसांजवळ चकार शब्द काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणाली, "जावयाचाच असेल." नकटीची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. बोटं एक एक करून उघडली, तेव्हा आतून निघाला पाइपाचा तुकडा. वीतभर, पारदर्शक, त्यावर लाल चिकटपट्टी. दुपारी आईने स्वतःच्या हाताने टाकीत सोडलं होतं ते टोक. शेडमध्ये येऊन बघितलं तर पाइप तेवढ्याने आखूड होता. कापलेला नव्हता. चावलेला होता.

पुढचे दिवस तिने काम केलं. खाली मान, घट्ट ओठ. पाइपाला तिने नवी लाल पट्टी लावली आणि तो खिळ्याला अडकवला. दीर आधी घाबरून लांब लांब होता. मग वहिनी काही बोलत नाही, बघत नाही, ताटात भाकरी वाढते, हे बघून सैलावला. तिसऱ्या दिवशी रांगेत बसून हकीगतसुद्धा सांगायला लागला, आपण पाइप कसा धरून ठेवला होता वगैरे. खाण मात्र दुसऱ्या सकाळी बघावं तो पुन्हा काठोकाठ भरली होती. आभाळात ढग नव्हता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर पाणीवाली फिल्टर पुसत बसली होती. रांग आडवी झाली होती. वळणावरून आवाज आला. खोकला. थांबला. परत खोकला. मग एक लांब आचका, आणि दिराची स्कूटर शेडच्या तोंडाशी येऊन मेली.

तो उतरला. तोंडाला घाम होता. हसायला बघत होता.

"वहिनी... पाणी गेलं वाटतं टाकीत."

"कुठलं?"

"पावसाचं असेल..."

"पाऊस कुठे पडला, भावजी?"

त्याची नजर स्कूटरच्या टाकीवर होती. भर उन्हात तिच्यावर बाहेरून दव धरलं होतं.

पाणीवाली सावकाश उठली. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. खिळ्यावरचा पाइप काढला, झटकून सरळ केला आणि कोरं टोक त्याच्यापुढे धरलं.

"फुगा फाटलाय," ती म्हणाली. "तोंडानेच ओढा."

तो ते टोक बघत राहिला. मग दुसऱ्या टोकाकडे त्याचं लक्ष गेलं. लाल टोक अजून कुठल्याच टाकीत घातलेलं नव्हतं. ते तिच्या हातातून नुसतं हवेत लोंबत होतं, आणि त्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.